७० किलोमीटरचे अंतर : पेण, रोहा आणि मुंबई दूरदर्शन

१/
२ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळी येथे मुंबई दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. १९५९ मध्ये दिल्लीत झालेल्या आरंभानंतरचे हे देशातील दुसरे केंद्र. त्याचा इतिहास सांगताना बहुतेकदा स्टुडिओतील गोष्टी सांगितल्या जातात : वृत्तनिवेदिका स्मिता पाटील, भक्ती बर्वे यांचे निवेदन, 'गजरा', 'चिमणराव', 'ज्ञानदीप'. या धाग्यात तोच इतिहास दुसऱ्या टोकाकडून पाहू. वरळीहून निघालेले चित्र कोठवर पोचले, आणि जेथे ते धड पोचले नाही तेथे 'आपले केंद्र' या शब्दांचा अर्थ काय होता? उदाहरणादाखल दोन गावे घेऊ : पेण आणि रोहा.

२/
प्रथम नकाशा समोर घ्यावा. वरळीपासून पेण सरळ रेषेत सुमारे ४२ किलोमीटर आणि रोहा सुमारे ७०. १९७२ साली ही दोन्ही गावे ज्या जिल्ह्यात होती त्याचे नाव कुलाबा. 'रायगड' हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचे. मुंबईच्या एवढ्या जवळ असूनही हा प्रदेश मुंबईपासून खाडीने, डोंगराने आणि अपुऱ्या दळणवळणाने तुटलेला होता. आपट्यापासून रोह्यापर्यंतचा लोहमार्गसुद्धा १९८६ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे मुंबईचे चित्र आकाशमार्गे निघाल्यानंतर तब्बल १४ वर्षांनी.

३/
आता थोडे विज्ञान, कारण त्यावाचून हा इतिहास उलगडत नाही. दूरचित्रवाणीच्या व्हीएचएफ लहरी बऱ्याच अंशी प्रकाशासारख्या सरळ जातात. मनोरा जितका उंच, तितके त्याचे क्षितिज दूर. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरून दिसणारे क्षितिज साधारण ६२ किलोमीटरवर येते. वातावरणात लहरी किंचित वाकतात, म्हणून त्यांचे क्षितिज आणखी थोडे पुढे, ७० किलोमीटरच्या आसपास जाते. पेण या वर्तुळाच्या आत पडते. रोहा बरोबर काठावर.

४/
हा हिशेब सपाट समुद्राचा झाला; कोकण सपाट नाही. पेणच्या पश्चिमेला खारेपाट आणि खाडीचा सखल मुलूख असल्याने मुंबईच्या दिशेने काहीसा मोकळेपणा आहे. रोहा मात्र कुंडलिकेच्या खोऱ्यात, डोंगरांच्या कुशीत वसलेले. त्याच्या उत्तरेला, म्हणजे नेमका मुंबईच्या बाजूला, अवचितगड उभा आहे. शत्रूची चाहूल लागावी म्हणून जो डोंगर शतकानुशतके मोलाचा ठरला, तोच दूरचित्रवाणीच्या काळात अडसर झाला. एकाच भूगोलाचे मोल दर युगात कसे बदलते, याचे हे चांगले उदाहरण.

५/
आकाशवाणीला ही अडचण आली नव्हती. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. मध्यम लहरी जमिनीला धरून पसरतात आणि टेकड्या ओलांडतात. म्हणून रेडिओ खोऱ्यांतही ऐकू येई. रेडिओने कोकणाला मुंबईच्या आवाजाची सवय लावली. त्यामुळे १९७२ मध्ये दूरचित्रवाणी आली तेव्हा लोकांची अपेक्षा स्वाभाविक होती : आवाज येतो, तर चित्रही येईल. प्रत्यक्षात आवाजाचा आणि चित्राचा नकाशा वेगळा निघाला.

६/
१९२७ हे वर्ष रोह्याच्या परिसरासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचे. त्याच वर्षी टाटांचे भिरा जलविद्युत केंद्र सुरू झाले. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशी धरणात अडवलेले पाणी कड्यावरून खाली आणून तेथे वीज तयार होते आणि मग ते पाणी कुंडलिकेत सोडले जाते. वीज मात्र मुंबईकडे गेली. या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशी सत्याग्रह वाचकांना ठाऊक असेलच.

७/
म्हणजे कुंडलिकेच्या उगमाकडची शक्ती मुंबईला पोचण्याची व्यवस्था १९२७ मध्येच झाली होती. मुंबईचे चित्र कुंडलिकेकडे निघण्यास त्यानंतर ४५ वर्षे लागली, आणि तेही धूसर. शहर आणि त्याचा परिसर यांच्यातील देवाणघेवाण समतोल असतेच असे नाही. वीज, भाजी, मीठ, माणसे शहराकडे जाण्याचे मार्ग आधी बांधले जातात. शहराकडून परत येणाऱ्या गोष्टींचे मार्ग मागाहून.

८/
मुंबई केंद्राचा पहिला विस्तार झाला तो घाटावर. १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. निर्णय तर्कशुद्ध होता. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच, आणि पायथ्याशी पुण्यासारखे मोठे शहर. थोड्या खर्चात पुष्कळ प्रेक्षक मिळत होते. पण या तर्कात कोकणातील लहान गावांचा क्रम कोठे लागणार, हे त्यातच ठरून गेले.

९/
येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. सिंहगडापासून रोहा सरळ रेषेत सुमारे ६७ किलोमीटर आहे. म्हणजे वरळी आणि सिंहगड या दोन्ही मनोऱ्यांपासून रोहा जवळजवळ सारख्याच अंतरावर! मग सिंहगडाचे प्रक्षेपण रोह्याला सहज मिळायला हवे होते. परंतु सिंहगडावरून समुद्रसपाटीजवळच्या रोह्याकडे सरळ रेषा ओढली, तर निम्म्या वाटेवर तिची उंची साधारण साडेसहाशे मीटर भरते; पृथ्वीच्या वक्रतेमुळे थोडी कमीच. आणि निम्म्या वाटेवर आहे ताम्हिणीचा परिसर, जेथील अनेक डोंगर याहून उंच आहेत.

१०/
थोडक्यात, पूर्वेचे चित्र सह्याद्रीने अडवले आणि उत्तरेचे चित्र अवचितगडाच्या रांगेने क्षीण केले. महाराष्ट्राच्या दोन मोठ्या शहरांच्या मध्ये वसलेले गाव दोघांच्याही छायेत सापडले. 'मागास भाग' हा शब्द आपण अंतराशी जोडतो. येथे अंतराचा प्रश्नच नव्हता. कोणत्या डोंगरावर मनोरा उभारायचा, या निर्णयातून जवळचे गाव दूरचे झाले.

११/
लोकांनी यावर उपाय काढला तो उंचीचा. मनोऱ्याची उंची आपल्या हातात नाही, पण अँटेनाची आहे. जमिनीपासून १० मीटर उंच अँटेना लावला तर लहरींचे क्षितिज सुमारे १३ किलोमीटरने वाढते. म्हणून अशा काठावरच्या गावांत कौलारू छपरांवर बांबूचे किंवा लोखंडी पाइपचे उंच खांब उभे राहिले. त्यांवर ॲल्युमिनियमच्या लांब दांड्यांचे अँटेना, तोंडे मुंबईकडे. सोबत क्षीण संकेत वाढवणारा बूस्टर. पावसाळी वाऱ्यात खांब फिरला की चित्र गेले.

१२/
मग तो प्रसिद्ध सोहळा : एक जण छपरावर खांब फिरवतो, दुसरा दारात उभा राहून निरोप पोचवतो, तिसरा पडद्यासमोर बसून सांगतो, "आलं… आलं… गेलं!" पडद्यावरच्या ठिपक्यांना मराठीने 'मुंग्या' हा नेमका शब्द दिला. डोंगरावर आपटून परतलेली लहर मूळ लहरीच्या किंचित मागून पोचली की माणसाशेजारी त्याचीच फिकट सावली दिसे. आज हे विनोदाने आठवले जाते. वस्तुतः सार्वजनिक सेवा जेथे संपत होती, तेथे प्रेक्षकांनी स्वखर्चाने बांधलेला तो शेवटचा टप्पा होता.

१३/
हा खर्च करणारा प्रेक्षक रीतसर शुल्कही भरत होता. त्या काळी रेडिओप्रमाणेच दूरचित्रवाणी संचासाठी टपाल कार्यालयात वार्षिक शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यास बंद झाली. परवान्याचे शुल्क चित्राच्या स्पष्टतेनुसार बदलत नसे. वरळीच्या मनोऱ्याखालील घराला आणि मुंग्यांतून बातम्या ओळखणाऱ्या घराला नियम एकच. हक्क समान, लाभ असमान.

१४/
आणि पडद्यावर काय दिसे? मुंबई केंद्र आरंभापासून महानगराचे केंद्र होते. मराठीबरोबर हिंदी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी कार्यक्रमांना त्यात वाटा होता. शहराच्या बहुभाषिक वस्तीचे ते प्रतिबिंब होते. मराठीतील 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'शब्दांच्या पलीकडले' यांसारख्या कार्यक्रमांनी साहित्य-संगीताचा उत्तम ठेवा दिला. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला दिलीप प्रभावळकरांनी आणि गुंड्याभाऊला बाळ कर्वे यांनी चेहरा दिला. मराठी मध्यमवर्गाला आपले घर पडद्यावर दिसले.

१५/
शहराबाहेरच्या माणसासाठी मुख्यतः एक दालन होते : 'आमची माती आमची माणसं'. शेतीविषयक माहिती देणारा हा कार्यक्रम दीर्घकाळ चालला आणि घराघरांत ओळखीचा झाला. औद्योगिक कामगारांसाठी 'कामगार विश्व' होते. पेणच्या खारेपाटातील भातशेती, तेथील मिठागरे, गणेशमूर्तींचे कारखाने, रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील कामगार : हे सारे या दोन दालनांचे नैसर्गिक विषय आणि नैसर्गिक प्रेक्षकही. म्हणून प्रक्षेपणाच्या काठाचा प्रश्न करमणुकीपुरता राहत नाही. ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता, त्यांतील पुष्कळ जण चित्राच्या अंधुक पट्ट्यात राहत होते.

१६/
१५ ऑगस्ट १९८२ रोजी चित्र पालटले. इन्सॅट उपग्रहांच्या युगाबरोबर दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रंगीत प्रक्षेपण आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. देशभर एक पडदा निर्माण झाला, ही मोठीच घटना. पण तिची एक किंमत होती. रात्रीचा सर्वाधिक प्रेक्षकांचा वेळ प्रादेशिक केंद्रांकडून दिल्लीकडे गेला. मराठी कार्यक्रम संध्याकाळच्या आधीच्या तासांत सरकले, जेव्हा शेतकरी जेमतेम घरी परतत असे आणि कामगाराची पाळी सुटायची असे.

१७/
१९८४ मध्ये प्रक्षेपकांच्या उभारणीला असा वेग आला की 'दिवसाला एक प्रक्षेपक' असे वर्णन होऊ लागले. यांतील बहुतेक १०० वॉटचे लघुशक्ती प्रक्षेपक. आवाका साधारण १५ ते २५ किलोमीटर. डोंगराळ मुलखासाठी हा मार्ग योग्यच होता. मात्र या प्रक्षेपकांना स्टुडिओ नसे. उपग्रहावरून जे उतरे ते पुढे पाठवायचे, एवढेच त्यांचे काम. आणि उपग्रहावर जे चढे ते मुख्यतः दिल्लीचे.

१८/
यातून प्रादेशिक प्रेक्षकासमोर एक चमत्कारिक निवड उभी राहिली. लघुशक्ती प्रक्षेपकाच्या छायेतील गावाला चित्र स्वच्छ मिळे, पण दिल्लीचे. मुंबईच्या मनोऱ्याच्या काठावरील गावाला मराठी मिळे, पण मुंग्यांसह. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेले 'हम लोग' आणि २५ जानेवारी १९८७ पासूनचे 'रामायण' देशभर एकाच वेळी पाहिले गेले. पण त्या काळात महाराष्ट्रातील सर्व मराठी भाषक एकाच वेळी एकच मराठी कार्यक्रम पाहत आहेत, असा प्रसंग दुर्मीळ होता. राष्ट्र पडद्यावर आधी एकत्र आले, राज्य नंतर.

१९/
ही जाणीव तेव्हाही होती. दूरदर्शनच्या कार्यक्रमधोरणासाठी पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कार्यगटाने आपल्या अहवालात दूरदर्शनच्या दिल्लीकेंद्री आणि शहरी वळणावर परखड टीका केली. भारतासारख्या देशात दूरचित्रवाणीचे व्यक्तिमत्त्व प्रदेशांतून आणि खेड्यांतून घडले पाहिजे, हा त्या अहवालाचा गाभा. सरकारी कार्यगटाने सरकारी माध्यमाविषयी इतके स्पष्ट बोलावे, हे आजही वाचण्याजोगे आहे.

२०/
तुलनेसाठी वेल्सकडे पाहू. तेथेही डोंगर, खोरी आणि मोठ्या भाषेच्या शेजारी जगणारी लहान भाषा. खोऱ्याखोऱ्यांत लहान सहक्षेपक उभारावे लागले. १९८० मध्ये ग्विन्फॉर इव्हान्स या ज्येष्ठ नेत्याने वेल्श वाहिनीच्या आश्वासनासाठी आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकार नमले आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी वेल्श भाषेची वाहिनी सुरू झाली. ज्या वर्षी वेल्सला रात्रीचा वेळ स्वभाषेत मिळाला, त्याच वर्षी मराठीच्या हातून तो निसटला. मराठीला स्वतंत्र वाहिनीसाठी आणखी १२ वर्षे थांबावे लागले.

२१/
१५ ऑगस्ट १९९४ रोजी दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली. तेव्हाचे नाव डीडी-१०. आता मुंबईचे मराठी कार्यक्रम मनोऱ्यावर अवलंबून राहिले नाहीत. आणि येथे भूगोलाचा हिशेब उलटा झाला. ७० किलोमीटरवरील मनोऱ्याचे चित्र रोह्याला नीट मिळत नव्हते. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाचे मात्र स्वच्छ मिळू लागले. कारण उपग्रह क्षितिजापासून बराच वर असतो आणि वरून येणाऱ्या लहरीच्या आड अवचितगडही येत नाही, ताम्हिणीही नाही.

२२/
पण उपग्रहाचे चित्र घेण्यासाठी मोठी तबकडी लागे, आणि ती होती केबलचालकाकडे. म्हणजे सार्वजनिक वाहिनी खासगी तारेवरून घरात येऊ लागली. त्याच तारेवर झी (१९९२), पुढे अल्फा टीव्ही मराठी (१९९९) आणि ईटीव्ही मराठी (२०००) यांसारखे स्पर्धकही आले. केबलचालकांनी दूरदर्शनच्या काही वाहिन्या दाखवल्याच पाहिजेत, अशी तरतूद १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी कायद्यात करावी लागली. प्रेक्षकाला वाहिनी मिळाली, पण ती रिमोटवरील अनेक बटणांपैकी एक होऊन.

२३/
२००० मध्ये या वाहिनीला 'सह्याद्री' हे नाव मिळाले. घाट, देश आणि कोकण यांना जोडणारे प्रतीक म्हणून नाव समर्पक आहे. कर्तबगार स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या तिच्या 'हिरकणी' पुरस्काराचे नावही थेट रायगडाच्या आख्यायिकेतून आलेले. पण रोह्याच्या दृष्टीने पाहिले तर या नावात इतिहासाचा गमतीदार विरोधाभास दडला आहे. ज्या पर्वताने पुण्याचे चित्र कोकणात उतरू दिले नाही, त्याच पर्वताच्या नावाने ते अखेर आकाशातून उतरले.

२४/
केबलची तार जेथे गेली नाही, त्या वाड्या-वस्त्यांचा प्रश्न मात्र उरलाच. पेण आणि रोहा तालुक्यांच्या डोंगरउतारांवरील कातकरी-ठाकर वाड्यांसाठी दर महिन्याला केबलचे पैसे ही लहान रक्कम नव्हती. १६ डिसेंबर २००४ रोजी सुरू झालेल्या 'डीडी डायरेक्ट प्लस' या सेवेने येथे खरा फरक पाडला. लहान तबकडी आणि पेटी एकदाच घ्यायची, मासिक शुल्क नाही. हीच सेवा पुढे 'डीडी फ्री डिश' झाली. सार्वजनिक प्रसारणाची जी प्रतिज्ञा १९७२ मध्ये मनोऱ्याने केली होती, ती या उतारांवर तबकडीने पाळली.

२५/
२०२२ पर्यंत प्रसार भारतीने मोजकी ठिकाणे वगळता देशभरातील जुनी ॲनालॉग प्रक्षेपण यंत्रणा बंद केली. आर्थिकदृष्ट्या निर्णय समजण्यासारखा होता; अँटेनावर चित्र घेणारे फारच थोडे उरले होते. त्याबरोबर छपरांवरचे खांबही भंगारात गेले. मुंबई केंद्राला ५० वर्षे झाली ती नेमकी याच वर्षी. गौरव झाला तो कार्यक्रमांचा आणि कलावंतांचा, जो योग्यच होता. त्या खांबांचा गौरव करणे कोणाला सुचण्याचे कारण नव्हते.

२६/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी एक महत्त्वाची बाब आहे. सुरुवातीच्या काळात चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. दूरदर्शनचे बरेचसे आरंभीचे काम त्यामुळे कायमचे गेले. म्हणजे स्टुडिओची बाजूही अपुरीच उरली आहे. आणि प्रेक्षकाची बाजू तर दप्तरात येतच नाही. प्रक्षेपण कोठवर पोचते याची वर्तुळे नकाशावर कंपासने काढलेली असतात. त्या वर्तुळाच्या आत असूनही डोंगराआड राहिलेले घर कोणत्याच नोंदीत सापडत नाही.

२७/
ही नोंद अजून करता येते, कारण ती पाहिलेली पिढी आपल्यात आहे. गावात पहिला संच कोणाकडे आला? अँटेनाचे तोंड कोणत्या दिशेला होते? मुंबई दिसे की दिल्ली? संध्याकाळी अंगणात किती जण जमत, आणि कोणाला आत बसायला मिळे, कोणाला उंबऱ्याबाहेर? टपाल कार्यालयाचे परवाने, संचाच्या पावत्या, छपरावर अँटेना दिसणारी जुनी छायाचित्रे : ही सारी ऐतिहासिक साधने आहेत. गावातील जातिव्यवस्था, स्त्रियांचा मोकळा वेळ आणि पैशाची आवक यांचे पुरावे त्यांत दडलेले असतात.

२८/
समारोप. एखादे केंद्र 'प्रादेशिक' आहे असे म्हणताना आपण त्याची भाषा पाहतो. पेण आणि रोह्याचा अनुभव आणखी दोन गोष्टी पाहायला सांगतो : त्याचे चित्र प्रदेशात कोठवर जाते, आणि प्रदेशाचे चित्र त्यात कितपत येते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळायला मनोरा, उपग्रह, तार आणि तबकडी असे चार टप्पे आणि ३० हून अधिक वर्षे लागली. दुसरा प्रश्न आजच्या प्रत्येक माध्यमाला लागू आहे, मोबाइलच्या पडद्यालाही. आपल्या गावाचे उत्तर काय, हे या धाग्याखाली जरूर लिहावे. शक्य असल्यास घरातील वडीलधाऱ्यांना विचारून.